लॉनमधली स्प्रिंग ब्यूटी: मारायची, राखायची की सांगलीला न्यायची?

लॉनमधल्या त्या रानफुलांवर तणनाशक मारायला फवारणीवाला शनिवारी येणार आहे म्हणता, म्हणून त्याचं आधी सांगतो: त्याला फोन करून नको म्हणा. पूर्ण रद्द करणं जमत नसेल, तर मागच्या ओकखालचा भाग सोडायला सांगा आणि तसं लेखी घ्या. फोनवर हो म्हणणारा माणूस आणि टाकी घेऊन येणारा माणूस एकच असेल असं नसतं.

आता सविस्तर. तुम्ही लिहिलंय की गेल्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या उपनगरात जुनं घर घेतलं. मार्च संपता संपता मागच्या लॉनमध्ये, ओकच्या झाडाखाली, शेकडो बारीक फुलं उगवली. लॉनवाला म्हणतो तण आहे. शेजारचे आजोबा ‘लॉनकडे लक्ष द्या’ असं सुचवून गेले. मुलीला मात्र ती इतकी आवडली आहेत की रोज मूठभर तोडून आणते. ही फुलं कोणती, ती राहतील की पसरतील, खाता येतात हे खरं का, आणि जूनमध्ये सांगलीला जाताना आईसाठी दोन-चार कंद नेता येतील का, असे तुमचे प्रश्न आहेत.

फोटो स्वच्छ आहेत, ओळखायला अडचण नाही. करंगळीच्या नखाएवढं फूल, पाच पाकळ्या, पांढऱ्यावर गुलाबी रेघा, पाकळीच्या बुडाशी पिवळा ठिपका, पाच पुंकेसर आणि त्यांची टोकं गुलाबी. दांड्यावर मध्यावर गवतासारख्या, पण गवतापेक्षा जाडसर आणि मऊ पानांची समोरासमोर एकच जोडी. ही क्लेटोनिया व्हर्जिनिका. इथले लोक तिला स्प्रिंग ब्यूटी म्हणतात. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या पानझडी जंगलांतलं हे अस्सल इथलंच, वर्षानुवर्षं जगणारं रानफूल आहे. उत्तरेला कॅनडाच्या ऑन्टॅरिओ-क्यूबेकपासून दक्षिणेला जॉर्जिया-टेक्सासपर्यंत सापडतं. गंमत म्हणजे तुमच्या लॉनमधलं गवत, मग ते केंटकी ब्लूग्रास असो की टॉल फेस्क्यू, बहुतेक युरोपातून आलेलं. तेव्हा त्या अंगणात पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे लॉनवाल्याला एकदा विचारायला हरकत नाही.

शिवाय ती तिथं आहे यावरून तुमच्या जागेबद्दल काही कळतं. जमीन खोल नांगरली की हिचे कंद टिकत नाहीत, आणि ही फुलं कुणी मुद्दाम विकत आणून शेकड्यानं लावत नाही. त्या ओकखालची माती घर बांधतानाही फारशी उकरली गेली नसावी. जंगल गेलं, पण त्याचा तळमजला शिल्लक राहिला. नव्या वसाहतींत, जिथं बुलडोझरनं वरची माती खरवडून मग लॉनच्या गुंडाळ्या पसरतात, तिथं तुम्हाला हे फूल दिसायचं नाही.

हिच्याशी कसं वागायचं हे समजायला आधी हिचं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं, कारण तिचं सगळं तिथंच अडतं. इथल्या जंगलात डिसेंबर-जानेवारीत जमिनीवर ऊन असतं पण थंडी असते, आणि जून-जुलैत ऊब असते पण सावली. ओक-मेपलना पूर्ण पानं आली की खाली वरच्या उन्हाचे शंभरातले पाच भागही पोचत नाहीत. दोन्हींच्या मध्ये, मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत, ऊन आणि ऊब दोन्ही असतात. स्प्रिंग ब्यूटीचं अख्खं वर्ष या दहा-बारा आठवड्यांत उरकतं: पान, फूल, बी, आणि पुढच्या वर्षासाठी कंदात साठा. मेअखेर पानं पिवळी पडतात, जूनमध्ये जमिनीवर काही शिल्लक नसतं, आणि लोकांना वाटतं मेली. ती मेलेली नसते. तीन-चार इंच खाली सुपारीएवढा किंवा त्याहून लहान कंद असतो, तो फेब्रुवारीपर्यंत थांबतो.

तुम्ही मूळच्या सांगलीच्या, म्हणजे साताऱ्याकडचे सडे, ती खडकाळ पठारं, पाहिली असतील. तिथं कंदीलपुष्पासारख्या कंदवर्गीय वनस्पतींचं वेळापत्रक पाऊस ठरवतो. इथं पाणी बारमाही आहे, म्हणून ते काम झाडांची पालवी करते. पद्धत एकच, कंदात दडून वाईट काळ काढायची.

ऊन आणि ऊब एकत्र असण्याच्या या दहा-बारा आठवड्यांचीच सध्या काळजी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावात लेखक हेन्री डेव्हिड थोरोनं 1850 च्या दशकात कुठलं झाड कधी पालवलं, कुठलं फूल कधी आलं याच्या नोंदी ठेवल्या होत्या. बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक यांनी त्याच परिसरात पुन्हा नोंदी घेतल्या. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयातले मेसन हेबर्लिंग आणि प्रायमॅक यांनी 2019 मध्ये त्यावरून हिशेब मांडला: झाडं आता तेव्हापेक्षा साधारण दोन आठवडे आधी पालवतात, पण खालची रानफुलं एकच आठवडा आधी जागी होतात. म्हणजे मधला आठवडा गेला. दहा-बारा आठवड्यांत संसार करणाऱ्याला एक आठवडा पुष्कळ असतो. तुमच्या अंगणातल्या फुलांना त्याचा फटका नेमका किती बसेल ते सांगता येणार नाही, पण जिथं झाड एकटं आहे आणि कडेनं ऊन शिरतं, अशा लॉनमध्ये हिला जंगलापेक्षा बरे दिवस असतात. म्हणून मी लॉनमधल्या वसाहतींना जंगलातल्यांपेक्षा कमी लेखत नाही.

आता सकाळी दहा-अकराच्या सुमारास, ऊन असताना, मुलीला घेऊन तिथं बसा. ढगाळ दिवशी जाऊन उपयोग नाही, फुलं मिटलेली असतात. एकेक फूल साधारण तीन दिवस टिकतं. पहिल्या दिवशी पुंकेसर मध्ये उभे असतात आणि गुलाबी पराग सोडतात. नंतर ते पाकळ्यांकडे मागं वळतात आणि मधला कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, तीन टोकांनी उघडतो. म्हणजे फूल आधी नर असतं, मग मादी. एका दांड्यावर खालून वर एकेक फूल उघडत जातं, त्यामुळे एकाच दांड्यावर खाली बोंड, मध्ये फूल आणि वर कळ्या असं सगळं एकदम दिसतं. लहान मुलांना हे दाखवायला सोपं जातं.

तिथं एक बारीक, काळपट, मधमाशीपेक्षा लहान माशी दिसेल, मागच्या पायांवर गुलाबी पीठ लागलेली. ती अँड्रिना एरिजेनी, मधमाशीच्याच नात्यातली, पण एकटी राहणारी. या माशीची मादी पिल्लांसाठी पराग गोळा करते तो फक्त क्लेटोनियाचा, म्हणजे ही जात आणि हिची डोंगराळ, थंड भागातली रुंद पानांची बहीण क्लेटोनिया कॅरोलिनियाना. दुसरं फूल चालत नाही. मधमाशांसारखं पोळं नसतं. एकेक मादी जमिनीत बोटभर खोल बीळ करते, त्यात परागाचा गोळा ठेवून त्यावर अंडं घालते. तिची पिढी वर्षाला एकच, आणि तीही या फुलांच्या तालावर वर येते. लॉनमध्ये मुंगीच्या वारुळासारखे पण मधोमध बारीक भोक असलेले मातीचे ढीग दिसले, तर घाबरून औषध टाकू नका. या माश्या माणसाच्या वाटेला जात नाहीत. मुलगी अनवाणी फिरली तरी चालेल.

तिथंच एक केसाळ, लांब सोंडेची, हवेत एका जागी तरंगणारी माशीही येते, बॉम्बिलियस. ती दिसायला गोड, पण कामं तशी नाहीत. ती बिळांच्या तोंडाशी तरंगत आपली अंडी आत भिरकावते, आणि तिच्या अळ्या अँड्रिनाची पिल्लं खातात. हेही चालायचंच. तिला हाकलायची गरज नाही.

म्हणूनच लॉनवाल्याला थांबवणं फुलांपुरतं नाही. त्याच्या वर्षभराच्या पॅकेजमध्ये साधारण तीन गोष्टी असतात. एक, रुंद पानाच्या तणांवर 2,4-डीसारखं तणनाशक, बहुतेकदा खतात मिसळलेलं. ते नेमकं स्प्रिंग ब्यूटी हिरवी असताना पडतं. दोन, क्रॅबग्रास हे तणगवत उगवू नये म्हणून फोर्सिथियाची पिवळी झुडपं फुलली की टाकतात ते बी मारणारं औषध. त्याचा कंदाला फारसा त्रास नाही, पण बियांतून येणाऱ्या नव्या रोपांना आहे. तीन, गवताची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्यांसाठी इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक. हे मला सगळ्यांत जास्त खुपतं, कारण जमिनीत घरं करणाऱ्या माश्यांच्या ते थेट घरात जातं. गवत मुळासकट चादरीसारखं उचलून येतंय असं दिसल्याशिवाय हुमणीचं औषध टाकायचंच नाही. नुसतं ‘प्रतिबंध म्हणून’ टाकणं म्हणजे दुकानदाराची सोय.

पुढचं लॉन त्याला हवं तसं ठेवू द्या. मागचा ओकखालचा गोल, पानांच्या घेराएवढा, करारातून काढून टाका. माझ्या अनुभवात हे लोक नाही म्हणत नाहीत, फक्त आधी सांगावं लागतं.

आता गवत कापण्याचं. मुख्य काम हेच आहे. नियम एक: पानं पिवळी होईपर्यंत त्या गोलात मोअर घालायचा नाही. फुलं संपली की लोक कापतात, तेव्हाच घोळ होतो, कारण कंद भरायचं काम फुलांनंतरही तीन-चार आठवडे चालू असतं. तुमच्याकडे साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत, मेमोरियल डेपर्यंत थांबा. झाडाखालचं गवत तसंही विरळ असतं, गुडघ्याला लागेल इतकं वाढत नाही. मग एकदम तळापासून कापू नका. आधी मोअर सगळ्यांत वर लावून एकदा, आठवड्यानं पुन्हा नेहमीच्या उंचीवर. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत ते तुमचं साधं लॉन आहे, हवं तितकं कापा, खेळा, खुर्च्या टाका.

शेजारच्या आजोबांचं काय करायचं? त्यांच्याशी वाद घालू नका. गोलाच्या कडेनं एक मोअरभर रुंदीचा पट्टा दर आठवड्याला स्वच्छ कापा. मधून एक पायवाट कापलीत तर आणखी उत्तम. कड सरळ दिसली की बघणाऱ्याला कळतं की हे मुद्दाम ठेवलंय, आळसानं राहिलेलं नाही. टाउनशिपचे आणि एचओएचे, म्हणजे घरमालकांच्या संघटनेचे, गवताच्या उंचीचे नियम असतात, ते आधी वाचून घ्या. पण स्प्रिंग ब्यूटी टाचेपासून घोट्याच्या थोडं वर, इतकीच वाढते, त्यामुळे मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी नियमाचा प्रश्न आलाच नाही. मागच्या अंगणात तर नाहीच.

शरद ऋतूत ओकची पानं पडतील. पातळ थर राहू द्या, जंगलात ती पानांतूनच वर येते. पण ओली पानं चिकटून जाड गादी झाली असेल तर ती मोअरनं बारीक करा किंवा थोडी उचला. झाडाच्या बुंध्याभोवती लाकडी भुशाचा डोंगर करायची इथं फॅशन आहे, ती करू नका. झाडालाही वाईट, कंदांनाही. ट्यूलिपचे कंद लावायला तिथं खणूही नका. पाणी, खत, चुना, काही लागत नाही.

एप्रिलच्या शेवटी काही पानांवर नारिंगी पुटकुळ्या दिसतील. तो तांबेरा, हिचा जुना सोबती. बुरशीनाशक नको. हरणं थोडी कुरतडतील, चिपमंक (खारीसारखे छोटे प्राणी) आणि उंदीर कंद उकरतील. दाट वसाहतीला त्याचं काही वाटत नाही.

तोडण्याबद्दल: मुलीला तोडू द्या, पण पानांच्या जोडीच्या वर चिमटायला शिकवा. दांडा दोऱ्यासारखा बारीक असतो, ओढला की पानांसकट हातात येतो, आणि पान गेलं की त्या कंदाचं ते वर्ष गेलं. पेल्यात ठेवलेली फुलं घरात मिटतात हेही तिला सांगून ठेवा, नाहीतर रडारड होईल.

पसरेल का? पसरेल, पण सावकाश. बोंडात सहापर्यंत काळ्या चकचकीत बिया असतात. बोंड पिकलं की कडा आत वळतात आणि बिया दाबून दोन फुटांपर्यंत उडवतात. प्रत्येक बीला एक पांढरा तेलकट तुकडा चिकटलेला असतो. मुंग्या तो खाण्यासाठी बी बिळात नेतात, तुकडा खाऊन बी कचऱ्यात टाकतात, आणि तो कचरा म्हणजे रुजायला उत्तम जागा. बियांतून आलेलं रोप पहिल्या वर्षी गवताच्या काडीहून मोठं दिसत नाही. फूल यायला काही वर्षं लागतात. त्यामुळे बाजूच्या मेपलखाली हवी असेल तर दोन उपाय: मेमध्ये बोंडं पिकू लागली की बी ताजं असतानाच तिथं टाका, वाळवून डबीत ठेवू नका. किंवा आत्ता फुलं असताना बर्फाच्या कांडीच्या काड्या खोचून जागा ठरवा आणि पानं पिवळी पडू लागली की खुरप्यानं मातीच्या ढेकळासकट उचलून तीन इंच खोल लावा. नुसता दांडा धरून ओढलात तर दांडा हातात आणि कंद जमिनीत राहील.

विकत घ्यायची वेळ तुमच्यावर नाही, पण मैत्रिणी विचारतील म्हणून सांगतो. शंभर कंद स्वस्तात असं कुठं दिसलं, तर ते बहुतेक जंगलातून उपटलेले असतात. नर्सरीत वाढवलेत का हे विचारा, उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या. सरकारी उद्यानांतून खणणं बेकायदाच आहे.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. तुमच्या तिसऱ्या फोटोत, मागे ओढ्याच्या कडेला, हिरव्या गालिच्यावर चकचकीत पिवळी फुलं दिसतात. ते मला आवडलेलं नाही. ते लेसर सेलंडाइन, फिकेरिया व्हर्ना, युरोपातून बागेसाठी आणलेलं आणि आता पूर्वेकडच्या ओढ्या-नाल्यांचे काठ व्यापणारं. त्याचंही वेळापत्रक तेच, मार्च ते मे, त्यामुळे ते स्प्रिंग ब्यूटीच्या थेट डोक्यावर बसतं. गालिच्याखाली दुसरं काही उगवत नाही. इथलंच मार्श मॅरिगोल्ड त्याच्यासारखं दिसतं, म्हणून आधी खात्री करा: सेलंडाइनला आठ-नऊ किंवा जास्त अरुंद पाकळ्या असतात, आणि उपटलं की मुळाशी शेंगदाण्यापेक्षा लहान गाठींचा झुबका असतो. मार्श मॅरिगोल्डला अशा गाठी नसतात आणि पाकळ्यांसारखी दिसणारी रुंद दलं पाच-सहा, फार तर नऊ. पट्टा लहान असेल तर याच वर्षी, गाठींसकट, मातीसह खणून कचऱ्याच्या पिशवीत भरा. कंपोस्टमध्ये अजिबात नको, एक गाठ राहिली तरी पुन्हा सुरू. तुम्हाला अंगणातल्या कुठल्या वनस्पतीवर शनिवार घालवायचाच असेल तर तो हिच्यावर घाला.

खाण्याचं. होय, खाता येते. पानं कच्ची खातात, कंद उकडून. अल्गोंक्विन लोक कंद शिजवून खात. पश्चिमेकडच्या डोंगरांतल्या क्लेटोनिया लॅन्सिओलाटाचे कंद तर तिथल्या मूळ रहिवाशांचं महत्त्वाचं अन्न होतं. ब्रिटिश कोलंबियात त्सिल्कोटिन लोकांच्या प्रदेशात पोटॅटो माउंटन नावाची डोंगररांग आहे, ते नाव बटाट्यावरून नाही, याच कंदांवरून पडलं. कॅलिफोर्नियातली हिची वर्षायू नातेवाईक, मायनर्स लेट्यूस, सोन्याच्या शोधात 1849 नंतर आलेल्या खाणवाल्यांनी स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, टाळायला खाल्ली. तेव्हा परंपरा मोठी आहे. तरी माझा सल्ला: तुमच्या लॉनमधली खाऊ नका. पहिलं म्हणजे आधीच्या मालकानं तिथं काय काय फवारलं होतं ते तुम्हाला माहीत नाही. दुसरं, आपल्याकडे खरपुडीचे, म्हणजे त्याच कंदीलपुष्पांचे, कंद उकरून खाण्यानं त्या जातींवर काय वेळ आली ते आपण जाणतो. एवढ्याशा कंदासाठी काही वर्षांची वाढ संपवायची, तीही चवीला साध्या बटाट्याच्या जवळपास असलेल्या गोष्टीसाठी.

तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं. याच लॉनमध्ये, थोडं उशिरा, स्टार ऑफ बेथलहेम उगवतं. तेही पांढरं, गवतासारख्या पानांचं, जमिनीखाली कंद असलेलं, आणि ते विषारी आहे, हृदयावर परिणाम करणारं. फूल असताना फरक सोपा: त्याला सहा पाकळ्या, मागून हिरवा पट्टा, आणि पानाच्या मधोमध पांढरी रेघ. फूल नसताना लहान मुलाला हा फरक कळणार नाही. मुलीला ‘ही खातात’ असं घरात कधी बोलूच नका.

आता सांगली. कंद नेता येणार नाहीत. भारतात लावण्यासाठी वनस्पती, कंद किंवा बी आणायला 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाखाली आयात परवाना आणि इथल्या कृषी खात्याचं फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोग नसल्याचं, प्रमाणपत्र लागतं. सामानात चार कंद गुंडाळून नेणं त्यात बसत नाही, आणि मातीबरोबर काय जाईल याचा भरवसा नाही. शिवाय पोचले तरी जगणार नाहीत. या कंदाला कित्येक आठवड्यांची ओली थंडी लागते, ती मिळाल्याशिवाय तो उठत नाही. सांगलीचा जानेवारी म्हणजे त्याला इथला जून. महाबळेश्वरलाही भागणार नाही.

पण आईच्या परसात हिचं नात्यातलं कुणीतरी आधीच आहे. भाजीचा घोळ आणि क्लेटोनिया पूर्वी एकाच कुळात धरत. 2009 च्या वर्गीकरणात क्लेटोनियाला वेगळं कुळ मिळालं, तरी चुलत नातं कायम आहे. कुंडीतला ऑफिस टाइमही त्यातलाच, आणि तोही मुळात दक्षिण अमेरिकेतला. दोन्हींना दोनच निदलं (पाकळ्यांखालची हिरवी दलं), मांसल पानं, आणि उन्हाला उघडून सावलीला मिटायची सवय. मुलीला व्हिडिओ कॉलवर आजीकडचा ऑफिस टाइम आणि इकडची स्प्रिंग ब्यूटी शेजारी धरून दाखवायला लावा, बघा ती किती साम्यं शोधते.

तुमच्या नवऱ्यानं विचारलेलं ‘क्लेटन कोण’ हे राहिलंच. जॉन क्लेटन, इंग्लंडमधून आलेला, व्हर्जिनियातल्या ग्लॉस्टर काउंटीचा क्लार्क. 1720 पासून मरेपर्यंत, पन्नासहून अधिक वर्षं त्यानं कचेरीची दप्तरं सांभाळली आणि उरलेल्या वेळात झाडं गोळा केली. त्याचे नमुने आणि हस्तलिखित हॉलंडमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रोनोव्हियसकडे गेले. त्यानं त्यावरून 1739 मध्ये ‘फ्लोरा व्हर्जिनिका’ छापलं, मुखपृष्ठावर नाव ग्रोनोव्हियसचं. क्लेटनच्या वाट्याला हे फूल आलं. 1753 मध्ये वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं तेच नाव पक्कं केलं, आणि क्लेटनचे वाळवलेले नमुने आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. सरकारी नोकरीत राहून असं काही करता येतं, हे मला तरी त्या पुस्तकापेक्षा जास्त आवडतं. जाता जाता: ही दिसायला एवढीशी जात गुणसूत्रांच्या बाबतीत महाविचित्र आहे. काही झाडांच्या पेशींत 12, तर काहींत 190 च्या आसपास. वनस्पतिशास्त्रज्ञ वॉल्टर लुईस यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. बाहेरून सगळी सारखीच दिसतात.

राहता राहिली आई. इकडे येणारे आपले आई-वडील बहुतेक मे-जूनमध्ये येतात, सांगलीचा उन्हाळा चुकवायला. तोवर त्या ओकखाली काहीच नसेल. पुढच्या वर्षीचं तिकीट एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याचं काढा. सकाळी अजून थंडी असते, स्वेटर आणि पायमोजे आणायला सांगा, आणि ऊन असलेल्या दिवशी दहानंतर खुर्ची मागच्या दारात टाका. तोपर्यंत सेलंडाइनचं मात्र उरकून घ्या.